शिळी भाकर कोण खातं?

इटलीत शिळ्या पावाची कोशिंबीर थाटात टेबलावर येते. आपल्याकडे शिळी भाकर चुलीजवळच गुपचूप संपते. दुसरबीडच्या आमच्या घरात ‘पान्झानेला’ करून बघताना हा फरक सापडला.

एक प्रश्न विचारू? उत्तर मात्र खरं द्यायचं.

काल रात्री उरलेली भाकर आज सकाळी तुमच्या घरात कोणी खाल्ली?

बाबांनी? शक्यता कमी. तुम्ही? तुम्हाला कॉलेजची बस गाठायची होती, गरम पोळी खाऊन पळालात. धाकट्या भावानं? त्याला नूडल्स करून मिळाल्या. मग भाकर गेली कुठे? जरा आठवून बघा. सगळ्यांची ताटं उचलल्यावर ओट्याशी उभं राहून, नाहीतर चुलीपाशी पाटावर बसून, चटणीबरोबर ती कोण खात होतं?

मीही हे कधी आठवून बघितलं नव्हतं. आठवलं ते एका इटालियन पदार्थामुळे. हसू नका, खरंच.

मी दुसरबीडची. बुलडाणा जिल्हा, सिंदखेड राजा तालुका. मेहकरहून सिंदखेड राजाकडे निघालात की वाटेत लागतं ते. समृद्धी महामार्गानं गेला असाल तर कदाचित पाटीवर नाव वाचलं असेल. शिकायला शहरात आले, मास कॉमची डिग्री घेतली आणि आता इंटर्नशिप सुरू आहे. रूमवर राहणाऱ्या सगळ्यांचं होतं तेच माझंही झालं. रात्री अकरा वाजता भूक लागते आणि आपण खायचं सोडून दुसऱ्यांच्या स्वयंपाकाचे रील बघत बसतो.

अशाच एका रीलमध्ये ‘पान्झानेला’ भेटली. मोठा लाकडी बाऊल, लालभडक टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी पानं आणि त्यात पावाचे मोठे मोठे तुकडे. वरून तेलाची धार. खाली लिहिलेलं : इटलीतल्या टस्कनी भागातली पारंपरिक पावाची कोशिंबीर, यासाठी पाव शिळाच हवा.

शिळाच हवा? मी रील पुन्हा लावून बघितला. हो, शिळाच. ताज्या पावाची म्हणे नीट होतच नाही.

पाव आणि ‘पाने’

आधी ही भानगड काय आहे ते समजून घेऊ.

टस्कनी म्हणजे मध्य इटली. फ्लॉरेन्स शहर ज्या भागात आहे, तो. तिथला पारंपरिक पाव आपल्या लादीपावासारखा मऊ नसतो. मोठा गोळा, जाड साल, दोन दिवसांत दगडासारखा कडक. शेतकरी घरात असा पाव एकदा भाजला की बरेच दिवस पुरवून खायचा. कडक झाला म्हणून टाकून द्यायची ऐपत नसायची. मग उन्हाळ्यात तो पाण्यात भिजवायचा, पिळून घ्यायचा, चुरायचा आणि त्यात मळ्यातला कांदा, काकडी, टोमॅटो, वर तेल आणि व्हिनेगर. झाली पान्झानेला. थंडीत तोच पाव भाज्यांच्या आणि घेवड्याच्या सूपमध्ये जायचा. ते सूप दुसऱ्या दिवशी परत उकळायचं म्हणून त्याचं नाव रिबोलिता, म्हणजे ‘पुन्हा उकळलेली’. अशा स्वयंपाकाला इटालियन लोक ‘कुचिना पोव्हेरा’ म्हणतात. सरळ मराठीत, गरिबाघरचा स्वयंपाक.

आता एक गंमत. इटालियनमध्ये पावाला ‘पाने’ म्हणतात. आपला ‘पाव’ आला पोर्तुगीजांकडून, त्यांच्या ‘पांव’ या शब्दावरून. आणि या दोघांचं मूळ एकच, लॅटिनमधला ‘पानिस’. म्हणजे वडापावातला पाव आणि पान्झानेलातला ‘पान’ ही चुलत भावंडं निघाली.

दुसरी गंमत याहून भारी आहे. टस्कनीचा पारंपरिक पाव अळणी असतो. त्यात मीठ घालतच नाहीत. का, याच्या तिकडे बऱ्याच गोष्टी सांगतात. कोणी म्हणतं मिठावर कर होता, कोणी म्हणतं शेजारच्या पिसा शहरानं मीठ अडवलं. ते इतिहासवाल्यांनी ठरवावं. पण आपल्या घरात बघा. ज्वारीच्या भाकरीत तरी कुठे मीठ असतं? आमच्याकडे तरी कधी घातलेलं बघितलं नाही. भाकर अळणी असते म्हणून तर तिच्याबरोबर झणझणीत ठेचा चालतो, खारट लोणचं चालतं, आंबट ताक चालतं. अळणी पावाचंही तसंच. सोबत येईल त्याची चव तो घेतो.

आणि टोमॅटोबद्दल. त्याच्याशिवाय पान्झानेलाचा फोटो सापडणार नाही, पण टोमॅटो मूळचा इटलीचा नाहीच. तो अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात युरोपात पोहोचला आणि लोकांच्या रोजच्या जेवणात रुळायला पुढे बराच काळ गेला. फ्लॉरेन्सचा चित्रकार ब्रॉन्झिनो (१५०३–१५७२) कविताही करायचा. कांद्याचं कौतुक करणाऱ्या त्याच्या एका कवितेत तेल-व्हिनेगर, भाजलेला पाव आणि बारीक चिरलेल्या कांद्याची कोशिंबीर येते. तिच्यात टोमॅटो नाही. कांद्याबरोबर काकडी आहे आणि एक पालेभाजी आहे. कोणती? घोळ!

हो, तीच घोळ. भाजीच्या वाफ्यात न लावता उगवणारी, जाड पानांची, आंबूस चवीची. निंदताना आपण उपटून टाकतो किंवा डाळ घालून भाजी करतो ती. फ्लॉरेन्सच्या राजदरबारात चित्रं काढणारा माणूस साडेचारशे वर्षांपूर्वी तिची कोशिंबीर वाखाणत होता. हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, “मंग त्याच्या वावरातबी निंदायला माणसं भेटत नसतील.”

पहिला प्रयोग : लगदा

उन्हाळ्यात घरी गेले तेव्हा जाहीर केलं, आज संध्याकाळचं मी करणार. आईनं विचारलं, काय? म्हटलं, इटालियन. बाबांनी पेपरमधून मान वर केली. भावानं लगेच पिझ्झा का म्हणून विचारलं. म्हटलं, नाही, शिळ्या भाकरीची कोशिंबीर.

घरात शांतता.

आजी म्हणाली, “शिळी भाकर खायाले एवढं शिकावं लागते का?”

ऑलिव्ह ऑइल आमच्या किराणा दुकानात मागून बघितलं, दुकानदार डोक्याला लावायचं का म्हणाले. बेसिलची पानं तर सोडूनच द्या. मी ठरवलं, घरात आहे त्यातच करायचं. सकाळच्या दोन आणि आदल्या रात्रीच्या दोन भाकरी होत्या. रीलमध्ये सांगितलं तसं भाकरीचे तुकडे पाण्यात भिजवले, पाच मिनिटांनी पिळायला घेतले आणि हातात आला लगदा. अगदी म्हशीपुढे ठेवायच्या आंबोणासारखा.

असं का झालं? नंतर वाचलं तेव्हा कळलं. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं. कणीक मळताना त्याची चिवट जाळी तयार होते. पाव रस पितो पण त्या जाळीमुळे मोडत नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही. म्हणूनच तर ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळावं लागतं आणि भाकर हातानं थापावी लागते. पोळीसारखी लाटायला गेलात की चिरते. ज्याला बांधून ठेवणारं काही नाही, ते भिजवल्यावर विरघळणारच. मी इटलीची कृती जशीच्या तशी ज्वारीवर लादली होती.

मग पाव किंवा भाकर शिळी होते म्हणजे नेमकं काय होतं? आपल्याला वाटतं, पाणी उडून जातं. तेवढंच नाही. पीठ शिजताना त्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ होतो. गार होत गेला की तो पुन्हा घट्ट रचला जातो, म्हणून घास कडक लागतो. फ्रिजच्या गारव्यात हे आणखी वेगानं होतं. त्यामुळे पाव ताजा राहावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवत असाल तर उलटंच घडतंय. आणि तेच तव्यावर गरम केलं की स्टार्च पुन्हा सैल होतो, घास थोडा वेळ मऊ लागतो. शिळी पोळी तव्यावर टाकून खाणाऱ्या प्रत्येक आईला हे पुस्तक न वाचता माहीत असतं.

दुसरा प्रयोग : जमलं!

दुसऱ्या दिवशी भाकर भिजवलीच नाही. आजीनं सांगितलं, “आधी तव्यावर कडक कर. कुटके झाले पायजे.” भाकरीचे बोटाएवढे तुकडे करून मंद आचेवर कोरडेच भाजले, टोस्टसारखे कुरकुरीत होईपर्यंत. टोमॅटो चिरून मीठ लावून ठेवले, त्यांना सुटलेला रस वेगळा काढला. त्या रसात लिंबू पिळलं आणि घाण्याचं शेंगदाणा तेल घातलं. कच्चंच. ऑलिव्ह तेल नाही म्हणून अडायचं कारणच नाही. भाकर, ठेचा आणि वर कच्च्या तेलाची धार हे आपण कधीपासून खातोय. करडईचं तेल मिळालं तर तेही छान.

बेसिलचं कोडं अंगणातच सुटलं. फालुद्यात आपण जे सब्जाचं बी घालतो, ते इटालियन बेसिलच्याच जातीच्या झाडाचं. वनस्पतिशास्त्रात नाव एकच, फक्त वाण वेगळे, त्यामुळे वासही थोडा वेगळा. आमच्या शेजारी कुंडीत सब्जा होता. चार पानं मागून आणली. तुळस मात्र घालू नका. ती वेगळी जात आहे आणि तिचा उग्रपणा सगळ्या चवीवर बसतो. वृंदावनातली तोडली तर आजी काय म्हणेल, ते आणखी वेगळं.

सगळं परातीत एकत्र केलं. पाच मिनिटं थांबले. कुटक्यांनी टोमॅटोचा रस प्यायला, कडा तेवढ्या कुरकुरीत राहिल्या. पहिला घास आजीला दिला. तिनं चावून चावून खाल्ला आणि म्हणाली, “हे त काल्यावानी झालं.”

बरोबर ओळखलं तिनं. काला म्हणजे कालवलेलं. गोकुळाष्टमीचा गोपाळकाला आपण दहीहंडीपुरता लक्षात ठेवलाय, पण त्याची गोष्ट साधी आहे. गाई चारायला गेलेल्या सगळ्या पोरांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, एकत्र कालवल्या आणि मिळून खाल्ल्या. कोणाची भाकर ताजी, कोणाची शिळी, ते कालवल्यावर कळत नाही.

जगभर हे असंच चालत आलंय. लेबनॉन-सीरियाकडे शिळ्या रोटीचे तुकडे कुरकुरीत करून काकडी-टोमॅटोत टाकतात, त्याला फत्तूश म्हणतात. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा करतात, कांदा-मिरचीची फोडणी देतात. काही घरांत त्याला ‘मनोहरा’ म्हणतात, काही घरांत ‘माणिकमोती’. नावं बघा किती देखणी. उरलेल्याला जरा मान मिळावा म्हणूनच कोणीतरी ठेवली असणार.

पण आई कुठे होती?

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते सांगते.

त्या दिवशी परात पाच मिनिटांत रिकामी झाली. भावानं दोनदा घेतलं, बाबांनी मिरची कमी आहे म्हणत म्हणत तीनदा. मी फोटो काढले, स्टोरी टाकली. लाइक्स येत होते. आणि पाणी प्यायला आत गेले तर आई ओट्याशी बसून जेवत होती. काय? सकाळची उरलेली एक भाकर तिनं बाजूला ठेवली होती, ती. ठेच्याबरोबर.

परातीतलं तिच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं.

मी म्हटलं, “अगं, तुला नाही ठेवलं कोणी?” ती म्हणाली, “मला शिळी भाकर आवडते.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. तुम्हीही ऐकलं असेल. मोडका पापड, भाजीचा तळ, करपलेली पोळी, हे सगळं आईला ‘आवडतं’. या वेळी मी विचारलंच, खरंच आवडते? ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “उन्हाळ्यात ताकासंगं चांगली लागते. खरंच लागते. पण रोज नाही.”

शिळी भाकर वाईट नाही. हे आईही म्हणते, आजीही म्हणते, टस्कनीवाले तर म्हणतातच. घरातलं शिळं रोज एकाच माणसाच्या वाट्याला येतं, गडबड तिथे आहे. मी शिळ्या भाकरीला इटालियन नाव दिलं, ती सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली, पण नियम तोच राहिला. चांगलं आधी इतरांना, उरलेलं तिला.

हा प्रश्न घरापुरताही नाही. ‘शिळं’ या शब्दाला आपल्याकडे एक जड इतिहास आहे. गावकीची कामं करणाऱ्या महार कुटुंबांना पिढ्यान् पिढ्या मोबदला म्हणून घरोघरची भाकर मागावी लागायची आणि हातात पडायचं ते बहुतेक वेळा शिळं, उरलेलं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा आणि हे शिळेपाके तुकडे घेणंही सोडा. प्रश्न माणुसकीचा होता. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक मराठवाड्यातल्या दलित घरांमधल्या जेवणाबद्दल आहे. आपल्या कॉलेजच्या लायब्ररीत असेल तर जरूर वाचा. ताटात काय आहे, हे कोण ठरवतं, ते त्यातून कळतं.

म्हणून ‘शिळं खाणं किती कूल’ असं म्हणताना मला जरा थांबावंसं वाटतं. कॅफेत बसून मजेनं खाल्लेला शिळा पाव आणि दारात उभं राहून हातावर घेतलेली शिळी भाकर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण होऊन खाल्लं तर ती आवड असते. दुसऱ्यानं वाट्याला टाकलं की तो अपमान होतो. आणि घरातल्या बाईनं काही न बोलता रोज खाल्लं, तर त्याला आपण ‘तिला आवडतं’ म्हणतो.

टाकून देणं हाही उपाय नाही

मग शिळं टाकून द्यायचं का? तेही नको. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातला साधारण ६० टक्के वाटा घरांमधला होता. भारतातल्या घरांसाठी त्यांचा अंदाज आहे वर्षाला माणशी ५५ किलो. गावात निदान उरलेली भाकर गाईला, कुत्र्याला जाते. शहरातल्या आपल्या रूमवर ब्रेडच्या पुड्यातले शेवटचे चार स्लाइस थेट कचऱ्याच्या पिशवीत जातात. खोटं वाटत असेल तर आज रात्री रूमवरची पिशवी उघडून बघा.

आणि ज्वारीची भाकर टाकणं तर आणखीच जिवावर येतं. आमच्या भागात शिवारभर सोयाबीन झालंय, घरच्या ज्वारीचं पोतं आता कमी घरांत दिसतं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, भाषणं झाली, पोस्टर लागले. पण पेरणारे कमी आणि थापणाऱ्या हातांना विचारणारे त्याहून कमी.

तर उपाय काय? शिळं वाटून खायचं. सगळ्यांनी. एका परातीतून.

करून बघा : चार जणांसाठी

*काय लागेल :* दोन दिवसांचे ४ लादीपाव किंवा रात्रीच्या २ ज्वारीच्या भाकरी. पिकलेले पण घट्ट टोमॅटो अर्धा किलो. १ मध्यम कांदा, १ काकडी. कच्चं शेंगदाणा, करडई किंवा ऑलिव्ह तेल ३ मोठे चमचे. १ लिंबू किंवा १ मोठा चमचा व्हिनेगर. मीठ, मिरपूड. सब्जाची किंवा बेसिलची मूठभर पानं. ती नसतील तर कोथिंबीर आणि थोडा पुदिना. घोळ मिळाली तर स्वच्छ धुऊन तिचे कोवळे शेंडे.

*कसं करायचं :*

१. टोमॅटोचे मोठे तुकडे करा, पाऊण छोटा चमचा मीठ लावा आणि चाळणीत १५ मिनिटं ठेवा. खाली भांडं ठेवायला विसरू नका. तो रसच खरा जीव आहे.

२. कांदा पातळ उभा चिरून १० मिनिटं गार पाण्यात ठेवा. तिखटपणा कमी होतो आणि उद्या लेक्चरला शेजारी कोणीतरी बसतं.

३. पावाचे किंवा भाकरीचे तुकडे तव्यावर मंद आचेवर, तेल न घालता, कडक करून घ्या. घाई केली तर बाहेरून करपतात, आतून मऊच राहतात.

४. टोमॅटोच्या रसात तेल, लिंबू, मिरपूड घालून चमच्यानं फेटा.

५. तुकडे, टोमॅटो, कांदा, काकडी, पानं एकत्र करा आणि वरून रस घाला. पाव असेल तर २० मिनिटं थांबा, त्याला मुरू द्या. भाकर असेल तर ५ मिनिटांत खायला बसा, नाहीतर माझा पहिला प्रयोग तुमच्या ताटात येईल.

*झणझणीत हवं असेल तर :* हिरव्या मिरचीचा ठेचा अर्धा चमचा रसात कालवा. इटलीवाले रागावतील, पण ते दुसरबीडला यायचे नाहीत.

*हे मात्र सांभाळा :* शिळं आणि खराब यात फरक आहे. पावावर बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तेवढा भाग कापून बाकीचा खाऊ नका. मऊ पावात बुरशी न दिसता आतपर्यंत गेलेली असते. आंबूस वास किंवा चिकट तार आली तर सरळ टाका. भाकर गरम असतानाच डब्यात कोंडू नका, घाम सुटून लवकर खराब होते. पावसाळ्यात तर एका रात्रीपेक्षा जास्त भरवसा नकोच.

तिसऱ्या दिवशी

शहरात परत यायच्या आदल्या रात्री पुन्हा केलं. या वेळी परात मधोमध ठेवली आणि भावाला सांगितलं, आई बसल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. आई म्हणाली, “तुम्ही घ्या, मी येते गॅस पुसून.” आम्ही बसून राहिलो. दोन मिनिटं झाली, तीन झाली. बाबांनी आधी घड्याळाकडे, मग परातीकडे बघितलं. शेवटी तेच उठले, आत गेले आणि आईच्या हातातलं फडकं घेऊन म्हणाले, “चल, भाकर मऊ पडून राह्यली.”

ती आली, बसली, पण पहिला घास घ्यायला अवघडली. “मला सवय नाही ना,” म्हणाली. आजी बाजूलाच होती. तिनं काही न बोलता परातीतला मोठ्यातला मोठा कुटका उचलला आणि सुनेच्या पुढ्यात सरकवला.

आता भाऊ रात्री झोपायच्या आधी टोपल्यातल्या भाकरी मोजतो आणि मला मेसेज करतो. ‘आज ३.’ ‘आज १.’ कधी कधी ‘आज ०, आईनं मोजून थापल्या.’ उरलेल्या असतील तर सकाळी कुस्करा होतो आणि सगळ्यांच्या ताटात थोडा थोडा पडतो. रोज होतं असं नाही. बाबा अजूनही अधूनमधून गरम पोळी मागतात. आई अजूनही अधूनमधून ‘मला आवडते’ म्हणते. पण आता कोणीतरी विचारतं, खरंच का?

तुम्ही हे वाचताय म्हणजे बहुधा सकाळ असेल. स्वयंपाकघरात जा. टोपल्यावरचं फडकं उचला आणि मोजा, किती उरल्यात. मग टोमॅटो चिरायला घ्या.